रिकाम्या रानात दुसऱ्याचे घोडे चराईला ठेवायचे असतील तर

प्रश्न करवीर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा आहे. रान पाच एकर: दोन एकर पंचगंगेच्या काठचं काळं, तीन एकर माळाचं मुरमाड. ऊसतोडीला टोळी वेळेवर मिळत नाही, मुलगा पुण्याला नोकरीत, म्हणून माळाचा तुकडा पडून आहे. घरी चार म्हशी आहेत, दूध डेअरीला जातं. वरातीचे घोडे ठेवणाऱ्या एका ओळखीच्या माणसानं विचारलं, ‘पावसाळ्यात माझे दोन घोडे तुमच्या रानात सोडू का? महिन्याचे पैसे देतो.’ त्यावरून यांच्या मनात आलं, की शहरातल्या हौशी लोकांचे घोडेही असेच चराईला घेतले तर? नेपिअर गवत लावलेलं आहेच, जनावरं सांभाळायची सवयही आहे. आणखी काय लागेल?

दादा, धंदा होऊ शकतो. माळ मुरमाड आहे, पाणी आहे, शहर जवळ आहे. घोड्यासाठी याहून वाईट जागी लोक तबेले चालवतात. मला काळजी वाटते ती तुम्ही जमेत धरलेल्या दोन गोष्टींची, म्हणजे नेपिअर आणि म्हशींची सवय. मी इतकी वर्षं दुसऱ्यांचे घोडे सांभाळतोय. आपल्या भागात चराईला ठेवलेली जी जनावरं हकनाक गेलेली पाहिली, त्यातली बरीचशी हयगयीनं गेली नाहीत. मायेनं सांभाळूनच गेली, फक्त म्हशीसारखी सांभाळल्यामुळं. म्हणून उत्तराचा मोठा भाग याच विषयावर देतो, पैशाचं नंतर.

घोडा रवंथ करत नाही. म्हशीच्या पोटात चारा आधी मोठ्या पिशवीत कुजतो, तिथले जंतू बरंचसं विष फोडून टाकतात आणि मग तो पुढं सरकतो. घोड्याचं जठर लहान असतं. चारा कुजतो तो मागच्या मोठ्या आतड्यात, म्हणजे जे काही वाईट असेल ते त्याआधीच अंगात शोषलं गेलेलं असतं. शिवाय घोड्याला ओकारी होत नाही. पोटात गेलेलं परत फिरत नाही. दिवसाचे चौदा-सोळा तास थोडंथोडं खात राहणं हा त्याचा स्वभाव. म्हशीसारखं सकाळ-संध्याकाळ दोन भारे टाकून मधल्या वेळात त्याला रिकामा उभा केलात, की पोटदुखीला आमंत्रण दिलंत.

आता नेपिअर. संकरित नेपिअर, पॅरा गवत, सेटारिया या उष्ण प्रदेशातल्या गवतांत ऑक्झॅलेट बरंच असतं. ते चाऱ्यातल्या कॅल्शियमला बांधून ठेवतं. म्हशीच्या पोटातले जंतू हे ऑक्झॅलेट बऱ्याच प्रमाणात फोडतात, म्हणून तिचं निभावतं. घोड्याला त्यातलं कॅल्शियम मिळतच नाही, मग शरीर ते हाडांतून काढायला लागतं. काही महिने काहीच दिसत नाही. मग घोडा आज या पायानं, उद्या त्या पायानं लंगडतो, चावताना त्रास होतो, अंगावर मांस धरत नाही, आणि शेवटी डोळ्यांखाली तोंडाची दोन्ही हाडं सुजल्यासारखी फुगतात. तोवर बरंच नुकसान झालेलं असतं. आपल्याकडं घोड्याला चंदीबरोबर, म्हणजे दाण्याच्या खुराकाबरोबर, गव्हाचा कोंडा भरपूर द्यायची पद्धत आहे. कोंड्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम नावाला, त्यामुळं नेपिअर आणि कोंडा ही जोडी तर दुहेरी घात करते. उसाच्या वाड्यातही, म्हणजे शेंड्याच्या हिरव्या पाल्यातही, ऑक्झॅलेट असतं. तोडणीच्या दिवसांत वाडं स्वस्त मिळतं म्हणून महिनोन्‌महिने तेच घालणारे लोक मला माहीत आहेत. चिमूटभर खाल्ल्यानं घोडा मरत नाही. पण वर्षभराचा मुख्य चारा म्हणून नेपिअर आणि वाडं, हे चालणार नाही. तुमचं नेपिअर म्हशींना राहू द्या.

मग लावायचं काय? ज्या हरळीपायी आपण उसात जन्मभर खुरपं चालवलं, ती हरळी घोड्याचं उत्तम खाणं आहे. ती खुरांखाली तुडवली तरी मरत नाही, जमीन धरून ठेवते, आणि घोडा ती अगदी जमिनीलगत कुरतडून खातो. तुमच्या माळावर ती असणारच, तिला फक्त तणनाशकापासून वाचवा. तिच्या जोडीला मारवेल घ्या. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा फुले मारवेल ०६-४० हा वाण कोरडवाहूला आणि हलक्या जमिनीला चांगला आहे. ठोंबं पावसाच्या सुरुवातीला लावायची. पाण्याखालच्या तुकड्यात ऱ्होड्स गवत लावलंत तर त्यात ऑक्झॅलेट कमी असतं आणि ते वाळवायलाही सोपं जातं. एक गोष्ट मात्र मनावर दगड ठेवून पाळा. नवीन लावलेल्या गवतावर पहिल्या पावसाळ्यात घोडा सोडू नका, कापूनच आणून घाला. घोड्याला वरचे-खालचे दोन्ही पुढचे दात असतात. तो गवत जिभेनं ओढत नाही, दातांनी छाटतो. मूळ धरलेलं नसेल तर ठोंबासकट उपटून येतं.

लसूणघास नदीकाठच्या काळ्या रानात करा. आरएल ८८ हा बहुवर्षीय वाण आहे. पण आपल्याकडं पूर येतो आणि लसूणघासाला साचलेलं पाणी सोसत नाही, म्हणून पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरा. यात कॅल्शियम भरपूर असतं, म्हणून रोजच्या वैरणीत त्याचा चौथा हिस्सा असला तर हाडांची बरीच काळजी मिटते. कापून दिवसभर सुकवा आणि मगच घाला. चांगलं म्हणून घोड्याला त्याच्यावरच ठेवू नका.

ज्वारीबद्दलही सांगतो, कारण ‘हिरवी ज्वारी म्हशींनी कधीपासून खाल्लीय’ असं उत्तर हमखास येतं. कोवळ्या ज्वारीतलं विष म्हशीलाही बाधतं हे तुम्हाला ठाऊक आहे. घोड्याच्या बाबतीत त्यापुढं आणखी आहे. ज्वारी किंवा सुदान गवताच्या रानात बरेच दिवस चरणाऱ्या घोड्याची मागची बाजू लुळी पडते, लघवीवरचा ताबा जातो. तो बहुधा पूर्ववत होत नाही. वाळलेला कडबा कुट्टी करून, बुरशी बघून थोडा देता येतो. उभ्या ज्वारीत घोडा सोडायचा नाही.

बांधावर सुबाभूळ असेल. शेळ्या-म्हशी आवडीनं खातात. घोड्यानं खाल्ली तर आयाळ आणि शेपटीचे केस झडतात, खुरांवर वळ्या येतात. वरातीचा घोडा आयाळ नसलेला परत गेला तर मालक दुसऱ्यांदा दारात येणार नाही. कण्हेर कुंपणाला असेल तर मुळासकट काढा. तिची थोडी पानं घोड्याचं हृदय बंद पाडायला पुरतात, आणि वाळलेली पानंही तितकीच विषारी. एरंड, धोतरा, घाणेरी, बेशरम, खुळखुळा यांचीही तीच वाट लावा. भरपूर गवत असताना घोडा यांना तोंड लावत नाही. एप्रिल-मेमध्ये माळ उघडा पडला की लावतो.

गोठ्यातलं पोतं हा सगळ्यात मोठा धोका. कोंबड्यांच्या आणि काही ठिकाणी गुरांच्या खाद्यात मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन अशी औषधं मिसळलेली असतात. त्या जनावरांना ती चालतात, घोड्याला अगदी थोड्या मात्रेत जीवघेणी ठरतात, हृदयाचे स्नायूच निकामी करतात, आणि त्यावर उतारा नाही. म्हणून नियम एकच करा: म्हशींची पेंड आणि घोड्याची चंदी एका खोलीत ठेवायची नाही, भांडी वेगळी, घमेली वेगळी. घरातली म्हातारी माणसं मायेनं ओंजळभर सरकी-गोळी घोड्यापुढं टाकतात, त्यांनाही आधीच समजावून सांगा. मुरघासाचं, म्हणजे हवाबंद आंबवलेल्या हिरव्या चाऱ्याचं, तसंच आहे. पिशवी फुटली, आत माती गेली, उंदीर मेला, तर त्यात तयार होणारं विष म्हशीपेक्षा घोड्याला फार लवकर मारतं. मी चराईच्या घोड्यांना मुरघास घालत नाही.

आणि गोचिडांचं औषध! अमित्राझ हे औषध दूधवाल्यांच्या घरोघरी असतं. म्हशीला लावून उरलेलं बादलीतलं पाणी घोड्याच्या अंगावर ओतायचा मोह होतो. घोड्याचं आतडं त्यानं बंद पडतं. गोचीड दिसली तर हातानं काढा आणि डॉक्टरांना विचारून घोड्याला चालणारंच औषध आणा.

गोठ्याशी जोडलेली शेवटची गोष्ट म्हणजे सर्रा. हा रक्तातल्या परजीवीचा रोग आहे. पावसाळ्यात आणि नंतर जे मोठे चावरे डांस (मच्छर नव्हे, मोठ्या माशा) जनावरांवर बसतात ते तो पसरवतात. म्हशीच्या अंगात हा परजीवी महिनोन्‌महिने राहतो, ती थोडं दूध कमी देते, बाकी काही कळत नाही. तोच डांस तिथून उठून घोड्यावर बसला की घोडा तापतो, ताप उतरतो, पुन्हा चढतो, पोटाखाली आणि पायांवर सूज येते, चांगलं खात असूनही घोडा वाळत जातो. उपचार नाही झाला तर बहुतेक घोडे जातात. म्हणून घोड्यांचा निवारा म्हशींच्या गोठ्यापासून आणि उकिरड्यापासून जितका लांब नेता येईल तितका न्या, तुमच्या बाबतीत सरळ माळाच्या वरच्या टोकाला. चढउताराचा ताप दिसला की त्याच दिवशी रक्त तपासायला द्या.

आता रान. माळाच्या तीन एकरांवर किती घोडे? हिशेब असा. आपल्याकडचा मध्यम मारवाडी किंवा काठेवाडी घोडा साधारण साडेतीनशे किलोचा धरा. त्याला रोज वजनाच्या दोन टक्के, म्हणजे सात किलो कोरडा चारा लागतो. हिरव्या गवतात पाणीच जास्त असल्यानं ते तीसेक किलो भरतं. वर्षाचा कोरडा चारा झाला अडीच टन. माळाच्या जमिनीत एकरी टनभर वाळलं गवत आलं तरी चांगलं म्हणायचं, आणि चरताना त्यातलं बरंचसं तुडवलं जातं. म्हणजे नुसत्या गवतावर तुमच्या माळानं एक घोडासुद्धा वर्षभर पोसणार नाही. पण जुलै ते ऑक्टोबर या महिन्यांत तोच माळ दोन घोडे पोसेल. कोल्हापुरात रानातलं गवत चार महिन्यांचं असतं, बाकीचे आठ महिने तुम्ही वैरण विकत घेऊन घालणार. हे ज्यानं आधी कागदावर मांडलं नाही त्याचा धंदा मार्चमध्ये अडतो.

म्हणूनच तुमच्या वरातवाल्या ओळखीच्या माणसाचा प्रस्ताव मला आवडला. आषाढी एकादशीपासून कार्तिकापर्यंत लग्नं नसतात. गणपती-दसऱ्याची किरकोळ कामं सोडली तर वरातीचा घोडा हे चार महिने ठाणावर बांधून फुकट खातो, पाय सुजतात, खोडी लागतात. आणि नेमके तेच चार महिने तुमच्या माळावर गवत असतं. तुळशीचं लग्न झालं की घोडा परत कामाला जातो आणि तुमचं गवतही संपत येतं. या चार महिन्यांच्या चराईपासून सुरुवात करा. वर्षभराचा हौशी घोडा एखादाच घ्या, आणि त्याच्यासाठी ऑक्टोबर-नोव्हेंबरात शाहूवाडी-गगनबावड्याकडचं डोंगरी गवत भरून ठेवा. नोव्हेंबर ते जून आठ महिने, महिन्याला सव्वादोनशे किलोप्रमाणे एका घोड्याला जवळपास दोन टन लागतं. गवत घेताना कुसळं बघा. कुसळी गवत कुसळं यायच्या आत कापलेलं असलं तरच घ्या, नाहीतर ती हिरड्यांत आणि जिभेखाली रुततात. हात घालून आतला भाग हुंगा, कुबट वास आला तर गंजीच नको.

चार महिन्यांसाठी आलेल्या घोड्यातही एक मेख आहे. वरातीचा घोडा ठाणावर हरभरा, गूळ, कोंडा खाऊन आलेला असतो. त्याला एकदम पहिल्या पावसाच्या लुसलुशीत गवतात सोडला तर पोट फुगतं किंवा खूर आतून सुजतात. मग तो पुढचे पाय पुढं टाकून, सगळं वजन मागं घेऊन उभा राहतो. एकदा खूर असे धरले की घोडा पुन्हा कामाचा राहील याची खात्री नसते. पहिल्या दिवशी तासभर, मग दोन तास, असं वाढवत दोन-तीन आठवड्यांनी पूर्ण वेळ सोडायचा. चंदी त्याच बेतानं कमी करत आणायची. धनगरांकडची लहान, काटक भीमथडी घोडी आली तर त्यांच्याबाबत आणखी जपा. ती कमी खाऊन जगायला घडलेली आहेत, भरल्या गवतात लगेच चरबी धरतात.

माळाचे तीन तुकडे पाडा आणि शिवाय पाच-दहा गुंठ्यांचं एक मुरमाचं आवार करा. गवत वीतभर झालं की तुकड्यात सोडायचे, चार बोटं उरलं की पुढच्या तुकड्यात हलवायचे. मुसळधार लागली की सगळे घोडे मुरमाच्या आवारात. तिथं वैरण घाला, पण रान तुडवू देऊ नका. जुलैत आठ दिवस चिखलात उभा राहिलेला घोडा खुरांतून काळं घाण पाणी गाळायला लागतो, टाचेवरची कातडी फुटते. काळ्या रानात पावसाळ्यात घोडा सोडूच नका. पूर्वी त्या माळावर ऊस किंवा भाजीपाला केला असेल तर आधी चालत फिरून उसाच्या खोडक्या, तारेचे तुकडे, खिळे, ठिबकच्या नळ्या वेचून काढा. खुराच्या तळव्यात गेलेला खिळा म्हणजे धनुर्वात, आणि घोड्याइतका धनुर्वात पटकन धरणारं दुसरं जनावर क्वचितच असेल. म्हणून ज्या घोड्याला धनुर्वाताची लस दिल्याची नोंद नाही तो रानात घेऊ नका.

कुंपणाला काटेरी तार नको, हे मी हात जोडून सांगतो. म्हैस तारेला अंग लागलं की मागं सरते. घोडा घाबरला की पुढं झेपावतो, आणि पाय अडकला तर ओढत राहतो. मांस हाडापर्यंत सोलून निघतं. हद्दीवर आधीच काटेरी तार असेल तर तिच्या आत पाच-सहा फुटांवर दुसरी ओळ करा. लाकडी किंवा सिमेंटचे खांब, साडेचार फूट उंची, दोन-तीन रांगा पांढऱ्या रुंद पट्टीच्या, आणि त्यात सौर झटका मशीन. नुसती बारीक तार घोड्याला धावताना दिसत नाही, पट्टी दिसते. झटका मशीनचाच, घरातली वीज थेट तारेला जोडणं बेकायदा आहे आणि त्यानं माणसं मेलेली आहेत. कोपरे टोकदार ठेवू नका, तिथं दांडगा घोडा दुसऱ्याला कोंडून मारतो. तुमचं रान जंगलाच्या बाजूला असेल तर गवे येतील, आणि गव्याला कुठलंच कुंपण अडवत नाही. सकाळी घोडे सोडण्याआधी कुंपण फिरून बघायचं. बिबट्याचा वावर असेल तर शिंगरू आणि लहान घोडी रात्री बंद निवाऱ्यातच.

निवारा साधा चालतो. दर घोड्याला बारा बाय बारा फूट जागा, पत्रा उंच, आणि पाठ नैर्ऋत्येला, कारण आपला पाऊस तिकडून मारतो. खाली पाचट अंथरायची आपली सवय. भुकेला घोडा ते खातो आणि आतडं तुंबतं, म्हणून भाताचा तूस किंवा लाकडाचा भुसा बरा. पाण्याला सिमेंटचा हौद, आठवड्याला घासून धुतलेला. एका घोड्याला रोज पंचवीस-तीस लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात चाळीसच्या पुढं. हौदाशेजारी खडेमीठ.

पुराबद्दल तुम्हाला मी सांगायला नको, २०१९ आणि २०२१ दोन्ही तुम्ही भोगलेत. तरी दुसऱ्याचा घोडा ताब्यात असताना पूर वेगळा असतो. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. मी सुचवीन की ३९ ला पाणी टेकायच्या आतच काठच्या रानातलं सगळं वर न्यायचं, आणि आठ दिवसांची वैरण, औषधं, नालबंदाचं सामान माळावर असायला हवं. रेडे डोह फुटला, म्हणजे तिथं पंचगंगेचं पाणी पात्राबाहेर आलं, की तिकडचा रस्ता बंद; मग डॉक्टर येऊ शकत नाहीत, मालकही येऊ शकत नाही, तुम्ही आणि घोडा एवढेच उरता. पूर ओसरल्यावर गाळ बसलेलं गवत घोड्याला घालू नका. ती वाळू आतड्यात साचून पोटदुखी होते. ते रान एकदा कापून टाका आणि नवीन फुटवा येऊ द्या.

घोडा घेण्याआधी तीन गोष्टी दारातच. पहिली, ग्लँडर्सचा तपासणी अहवाल. हा रोग माणसालाही होतो, आणि २००९ च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोग प्रतिबंध कायद्याखाली तो कळवणं बंधनकारक आहे. रक्तजलाची तपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते, नमुना तुमच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांमार्फत जातो. घोडा बाधित निघाला तर त्याला मारावं लागतं, त्यात तडजोड नाही. एक बाधित घोडा आत आला तर सगळ्यांचेच घोडे जातील. दुसरी, नवीन घोडा निदान पंधरा दिवस इतरांपासून लांब, त्याची बादली आणि खरारा वेगळा. तिसरी, आंडील घोडा असेल तर घोडींच्या रानात नाहीच. आपल्याकडं खच्ची करण्याची पद्धत कमी, म्हणून ही अडचण रोजची. आंडिलासाठी वेगळं, दुहेरी कुंपणाचं आवार नसेल तर सरळ नाही म्हणा. बाकीच्यांनाही आधी काही दिवस कुंपणाआडून ओळख करून द्या, आणि मागच्या पायांचे नाल काढायला लावा; पहिल्या दिवसांत लाथा होतातच.

लीद हा चराईतला निम्मा रोग आणि निम्मं उत्पन्न. जंत लिदीतून गवतावर येतात आणि गवतातून परत पोटात. आठवड्यातून दोनदा रानातली लीद उचलली तर जंतांच्या औषधाचं काम बरंच हलकं होतं. दर दोन महिन्यांनी डोळे झाकून तेच औषध पाजत राहिलं की जंत त्याला दाद देईनासे होतात, म्हणून लीद तपासून मग ठरवा. उचललेली लीद ढीग लावून चांगली तापवून कुजवा आणि उसाला घाला, घोड्याच्या गवतावर कच्ची परत टाकू नका. म्हशींचा इथं एक फायदा आहे: घोड्यांचे बहुतेक जंत म्हशीत जगत नाहीत आणि घोडे ज्या जागी लीद टाकतात तिथलं गवत सोडून देतात, ते म्हशी खातात. घोडे हलवल्यानंतर त्या तुकड्यात म्हशी फिरवा. मात्र दोघांना एकत्र नको, डांसांचं वर सांगितलंच.

रोज दोनदा प्रत्येक घोड्याला हात लावणारा माणूस असला पाहिजे. लांबून मोजून ‘तिन्ही आहेत’ म्हणणं पुरत नाही. चारही खुरं उचलून बघायची, पोटावर कान लावून गुडगुड ऐकायची, लीद पडलीय का बघायची. निरोगी घोड्याचं तापमान ९९ ते १०१.५ फॅरनहाइट, शांत उभा असताना नाडी मिनिटाला २८ ते ४४. थर्मामीटर पाच मिनिटांत शिकता येतो. घोडा पुढच्या पायानं जमीन उकरतोय, वळून कुशीकडं बघतोय, लोळतोय, लीद नाही, तर घरगुती काढा-तेल पाजत बसू नका. वैरण काढून घ्या आणि डॉक्टरांना लगेच फोन करा. तुमच्या भागात घोड्याला हात लावणारे डॉक्टर कोण आणि नालबंद कोण, हे पहिला घोडा यायच्या आधी ठरलेलं असावं.

पैशाचं आता थोडक्यात. दर ठरवताना शेजारी काय घेतो ते नंतर बघा, आधी आपला खर्च मांडा: माणसाचा पगार, आठ महिन्यांची वैरण, कुंपणाची दुरुस्ती, रानाला दरवर्षी लागणारं खत आणि बियाणं. चंदी, नाल, लस, डॉक्टर हे मालकाच्या खात्यावर, वेगळं. दोन-तीन घोड्यांवर पूर्ण पगारी मोतद्दार, म्हणजे घोडा सांभाळणारा माणूस, परवडत नाही. तुम्ही स्वतः किंवा घरचं कोणी हात लावणार असाल तरच हे जमेल. आणि हे उत्पन्न शेतीउत्पन्न म्हणून करमुक्त धरू नका, दुसऱ्याचं जनावर सांभाळल्याची ती फी आहे. माळावर नुसतं गवत आणि साधा निवारा ठेवण्यापलीकडं जाऊन घोडेस्वारी शिकवणं, येणाऱ्यांसाठी खोल्या बांधणं असं काही करायचं ठरलं तर आधी बिगरशेतीचं तहसील कार्यालयात विचारून घ्या.

तोंडी व्यवहार करू नका, ओळखीच्या माणसाशी तर मुळीच नाही. दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेतली की भारतीय करार कायदा, १८७२ ची कलम १४८ पासूनची कलमं लागू होतात. कलम १५१ सांगतं, की शहाणा माणूस आपल्या स्वतःच्या तशाच वस्तूची जितकी काळजी घेईल तितकी तुम्ही घ्यायला बांधील आहात. ती घेतली हे दाखवायला रोजची वही लागते: तारीख, ताप, खाणं, लीद, जखम. करारात घोड्याचे चारही बाजूंचे फोटो, अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांच्या जागा आणि आलेल्या दिवसाचं वजन-प्रकृती लिहा. लोक भोवरे शुभ-अशुभासाठी बघतात, आपल्याला ते ओळख पटवायला कामाला येतात. मालकाचा फोन लागला नाही तर किती रुपयांपर्यंत उपचार तुम्ही स्वतःच्या निर्णयानं करायचे, पाय मोडला तर शेवटचा निर्णय कोण घेणार, मेल्यास पुरण्याचा खर्च कोणाचा, विमा कोणाच्या नावावर, हे सगळं घोडा चालता-फिरता असताना लिहून घ्यायचं असतं. दोन महिन्यांची आगाऊ रक्कम ठेवा. चारा घातला म्हणून थकबाकीसाठी घोडा अडवून ठेवायचा हक्क आपोआप मिळतो असं धरून चालू नका. अनामत हाच खरा आधार. आणि जमीन भाड्यानं देतो असं कुठंही लिहू नका, घोडा सांभाळायची सेवा देतो असं लिहा. मसुदा एकदा वकिलाला दाखवा.

यंदाचं वेळापत्रक असं धरा. एप्रिल-मेमध्ये खोडक्या-खिळे वेचणं, विषारी झाडं काढणं, मुरमाचं आवार आणि पट्टीचं कुंपण. जूनमध्ये एका तुकड्यात मारवेलची ठोंबं, बाकीच्या दोनमध्ये हरळी आणि असलेलं गवत वाढू द्यायचं. वरातवाल्याचे दोन घोडे जूनच्या अखेरीस, अहवाल आणि लसीची नोंद बघून, पंधरा दिवस वेगळे ठेवून. तिसरा घोडा यंदा नको. ऑक्टोबरमध्ये काळ्या रानात लसूणघास पेरा, दोन टन डोंगरी गवत भरून ठेवा, आणि मग हौशी मालकाचा पहिला घोडा घ्या. आणि म्हशींच्या पेंडीची खोली आणि घोड्याची खोली वेगळी केली की नाही, ते मला कळवा.